थकवा, तिथी आणि भाट्याची पुळण

दिवाळीचा फराळ संपला, पाहुणे मुंबईला परतले आणि निवृत्तीनंतरचा पहिला खऱ्या अर्थाने मोकळा आठवडा सुरू झाला, तेव्हा मी सकाळी सहा वाजता रत्नागिरीच्या समुद्रकाठी, भाट्याच्या पुळणीवर चालायला गेले. राज्य शासनाच्या नोकरीत ५८ वर्षे पूर्ण झाली की खुर्ची सोडावी लागते. मी ३१ वर्षे त्या खुर्चीत काढली होती आणि त्याआधी, महाविद्यालयात असताना, खो-खो खेळले होते. खुर्ची शरीराच्या पक्की लक्षात होती आणि खो-खो फक्त माझ्या लक्षात होता, हे मला त्या सकाळी ठाऊक नव्हते. सुरूच्या बनापाशी चपला काढून ठेवल्या, ओढणी कमरेला बांधली आणि नऊ मिनिटांच्या पाळीत साखळीने पळणारी ती मुलगी अजून आत कुठेतरी असेल अशा समजुतीने शंभर पावले पळाले. एकशे एकावे पाऊल पडले नाही. कशीबशी पुलापर्यंत आले, रिक्षा केली, घरी येऊन पडवीतल्या झोपाळ्यावर आडवी झाले ती दुपारी चारला उठले. तोवर यांनी कुकर लावून, वरणाला फोडणी देऊन, माझे ताट वाढून झाकून ठेवले होते.

“थकलीस,” एवढेच हे म्हणाले. शेजारच्या वहिनींनी मात्र संध्याकाळी येऊन सविस्तर समजावले की बाईमाणसाला घरातले काम हाच व्यायाम, आता या वयात धावण्याचे खूळ कशाला. त्यांच्याशी वाद घालण्याइतकेही त्राण माझ्यात नव्हते. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर एक गोष्ट खटकत राहिली. “वय झाले” हे उत्तर सगळ्यांनी इतक्या झटकन दिले होते की प्रश्न कोणी नीट ऐकलाच नसावा.

वयाचा वाटा असतो, हे मी नाकारत नाही. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटत जातात आणि साठीनंतर त्या घटीचा वेग वाढतो. हृदयाचे कमाल ठोकेही वर्षागणिक थोडे थोडे उतरतात. परंतु वय आणि बैठक यांतले काय किती खाते याचे एक उदाहरण माझ्या वाचनात आले आणि ते मला फार धीर देऊन गेले. १९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे केवळ अंथरुणावर झोपवून ठेवले होते. त्या तीन आठवड्यांत त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे २७ टक्क्यांनी घसरली. तीस वर्षांनी, म्हणजे ते पन्नाशीत आल्यावर, त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा तीस वर्षांच्या वाढत्या वयाने केलेले नुकसान त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणापेक्षा कमी निघाले. पुढे सहा महिने चालणे, सावकाश धावणे आणि सायकल असा हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम केल्यावर ते पाचही जण सरासरीने आपल्या विशीतल्या मूळ पातळीवर परत आले. पाचच माणसे, तीही सगळी पुरुष, त्यामुळे यावरून रत्नागिरीच्या एका मधुमेही बाईने फार मोठा निष्कर्ष काढू नये, हे मला कळते. तरी “सहा महिने” हा आकडा मी मनात घट्ट धरला.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. स्वयंपाकघरात दिनदर्शिका टांगलेली आहे, तिच्यावर दुधाचा हिशेब लिहिला जातो. त्याच चौकोनात दुधाच्या आकड्याखाली मी चालून आल्यावर एक शब्द लिहू लागले. “बरी”, “थकले”, “फार थकले”, आणि एकदा रागाच्या भरात “मेले”. पुण्याहून मुलाने मनगटावर बांधायचे घड्याळ पाठवले होते, जे पावले, ठोके आणि झोप मोजून रोज सकाळी मला नापास करीत असे. ते मी पंधरा दिवसांत काढून कपाटात ठेवले. दिनदर्शिकेचा फायदा असा की तिच्यावर तिथीही छापलेली असते. त्या वेळी मला याचे काहीच महत्त्व वाटले नव्हते.

महिना-दीड महिना हा प्रकार चालला आणि माझ्या नोंदींना काही ताळतंत्र दिसेना. सोमवारी तीस मिनिटे हुंदडून यावे आणि पुढच्या सोमवारी त्याच वाटेवर, तेवढ्याच वेळात, पोटऱ्या दगडासारख्या व्हाव्यात, असे होई. झोप तेवढीच, जेवण तेच, माणूसही तेच. अशाच एका वाईट सकाळी मी सुरूच्या बनाच्या कडेने पाय ओढत चालले होते, तेव्हा खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला जाणारी एक ओळखीची बाई टोपली घेऊन कठड्यावर नुसतीच बसलेली दिसली. ती म्हणाली, “काकी, आज अष्टमी ना. पाणी वर आहे म्हणून मी बसलेय, आणि तुम्ही कोरड्या रेतीत पाय कशाला ओढता? अमावास्येला या की.”

समुद्रापासून हाकेच्या अंतरावर जन्म गेला आणि ही गोष्ट मला शिकावी लागली, याची लाज वाटली. माझ्या सासऱ्यांना भरतीचा हिशेब तोंडपाठ होता. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ निघते, मग पक्ष कोणताही असो. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणून दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती, आणि तिच्यानंतर सहा तासांनी ओहोटी. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, त्यावरूनच हा ठोकताळा बसलेला आहे. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण जाळे टाकणाऱ्याला आणि तिसऱ्या काढणाऱ्याला तेवढे पुरते. अष्टमीला आठची पाऊणपट सहा. म्हणजे मी नेमकी सकाळी सहा वाजता, पूर्ण भरतीच्या वेळी, पुळणीवर उतरत होते. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, उधाणाइतके पाणी चढत नाही, हे खरे. तरी पाण्याकाठची ओली, टणक पट्टी तिच्याखाली जाते आणि माणसाला वरच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूतून चालावे लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मात्र सकाळी सहाला ओहोटी असते, तीही उधाणाची, आणि तेव्हा भाट्याची पुळण सारवलेल्या अंगणासारखी कडक पडलेली असते.

कोरड्या वाळूत चालणे किती महाग पडते याचे मोजमापही झालेले आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, टणक जमिनीवर ज्या वेगाने चालावे त्याच वेगाने वाळूत चालल्यास २.१ ते २.७ पट ऊर्जा खर्च होते, असे आढळले. पाऊल टेकले की वाळू सरकते, तिला सरकवण्यात पायाची मेहनत वाया जाते आणि पुढे ढकलायला जो टेकू हवा तो मिळत नाही. म्हणजे अष्टमीची माझी तीस मिनिटे ही पायांच्या हिशेबी तासाभराहून अधिक होती आणि मी मात्र दोन्ही दिवसांना “तीस मिनिटे” असे एकच नाव देऊन, उरलेला फरक वयाच्या खात्यावर मांडत होते.

त्या दिवशी घरी येऊन दिनदर्शिकेची मागची पाने उलटली. “फार थकले” अशा अकरा नोंदी होत्या. त्यांतल्या सात सप्तमी ते दशमी या तिथींच्या होत्या. यांना दाखवले, तेव्हा हे चष्मा पुसत म्हणाले, “म्हणजे तू नाही, चंद्र म्हातारा झालाय.”

तेव्हापासून तिथी पाहून वाट ठरवते. चतुर्दशीपासून तृतीयेपर्यंत पुळणीवर पाण्याच्या कडेने चालायचे, हवे असेल तर दोन विजेच्या खांबांइतके अंतर सावकाश पळायचे. अष्टमीच्या आगेमागे भाट्याच्या पुलावर नाहीतर डांबरी रस्त्याने, बूट घालून, नारळ संशोधन केंद्राच्या बाजूला जाऊन परत यायचे. भुसभुशीत वाळू वाईट नाही. पोटऱ्या आणि घोटे तिच्यात चांगले तयार होतात. पण ती मुद्दाम, दहा मिनिटांपुरती घ्यायची गोष्ट आहे.

उरलेल्या चार नोंदींपैकी दोन रत्नदुर्गाच्या होत्या. पुळणीवर बरे जमू लागले म्हणून मी एका रविवारी भाचीबरोबर किल्ल्यावर गेले. बालेकिल्ल्यात भगवतीचे दर्शन घेतले, तटावरून घोड्याच्या नालेसारखा पसरलेला किल्ला आणि तिन्ही बाजूंचे पाणी पाहिले आणि चढताना धाप लागली नाही म्हणून उतरताना मुलींसारखी भराभर उतरले. त्या दिवशी काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखू लागल्या आणि तिसऱ्या दिवशी शौचालयाच्या पायरीवरून उतरताना मला भिंतीचा आधार घ्यावा लागला. चढण्याने धाप लागते आणि उतरण्याने मांड्या धरतात, हे तेव्हा उमजले. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचे वजन पेलत असतो. अशा कामाने, विशेषतः ते सवयीचे नसेल तर, स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. तिचे दुखणे लगेच जाणवत नाही, एक ते तीन दिवसांत कळसाला पोहोचते आणि मग आपोआप ओसरते. आमच्या वेळचे खेळ शिकवणारे सर याला “अंगात आम्ल साचले” असे म्हणत. परंतु व्यायामात तयार होणारे लॅक्टेट तास-दोन तासांत रक्तातून निघून जाते, त्यामुळे तिसऱ्या दिवसाच्या दुखण्याचा दोष त्याच्यावर जात नाही. अशा वेळी मी पूर्वी चादर ओढून पडून राहिले असते. आता हलके चालते, कारण चालल्याने ते दुखणे निदान तेवढ्यापुरते तरी सैल पडते, आणि पुढचा किल्ला निम्माच करते. एकदा उतरणीची सवय झाली की तेच स्नायू पुढच्या खेपेला फार कमी तक्रार करतात, हा अनुभव मला महिनाभरात आला.

राहिलेल्या दोन नोंदींना कारण सापडेना आणि जानेवारीत तशा नोंदी वाढत गेल्या. तिथी चांगली, पुळण कडक, झोप पुरेशी, तरीही दहा मिनिटांत पाय जड होत. हा थकवा निराळा होता. व्यायामाचा थकवा पायांत असतो आणि चहा घेऊन बसले की त्याला एक प्रकारची गोडी असते. हा सकाळी उठतानाच अंगावर असे. तळपायांना मुंग्या येत, जिभेला तिखट सोसेना. एका दवाखान्यात मला तपासण्या न करताच शक्तीच्या गोळ्या आणि “आता वयाप्रमाणे घ्या” हा सल्ला मिळाला होता. फेब्रुवारीत दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे गेले, तेव्हा त्यांनी आधी हृदयाचा आलेख काढला आणि मग रक्त तपासायला पाठवले. हिमोग्लोबिन १०.९ निघाले, स्त्रियांमध्ये ते १२च्या खाली गेले की त्याला रक्तक्षय म्हणतात. थायरॉइड ठीक होते. बी-१२ जीवनसत्त्व १४८ होते, जे प्रयोगशाळेच्या कागदानुसार निदान २०० तरी हवे होते.

मला ते पटेना. बी-१२ची कमतरता शाकाहारी माणसांना होते असे ऐकले होते आणि आमच्या घरात सोमवार, चतुर्थी आणि श्रावण सोडला तर बांगड्याशिवाय चूल पेटत नाही. बाईंनी मधुमेहाची गोळी किती वर्षे घेता, असे विचारले. नऊ वर्षे, मेटफॉर्मिन. तेव्हा त्यांनी सांगितले की ही गोळी दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या आतड्यांत बी-१२ शोषले जाण्यात अडथळा येऊ शकतो. यकृतात त्याचा साठा असतो म्हणून कमतरता कळायला काही वर्षे जातात आणि तोवर थकवा, मुंग्या, जीभ सोलवटणे या गोष्टी वयाच्या नावावर खपून जातात. गोळी बंद करायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावले. बी-१२ची इंजेक्शने सुरू झाली, नंतर गोळ्या, आणि वर्षाकाठी एकदा तपासणी ठरली. एप्रिलच्या सुरुवातीला हिमोग्लोबिन १२च्या वर गेले. मुंग्या मात्र पुरत्या जायला पावसाळा उजाडला. मी त्या दोन महिन्यांत जिद्दीने चालण्याचे अंतर वाढवत बसले असते, तर रिकाम्या टाकीची गाडी ढकलत राहिले असते.

आलेख त्यांनी आधी का काढला, हे नंतर विचारले. स्त्रियांमध्ये हृदयाचे दुखणे नेहमी छातीत कळ येऊनच प्रकट होते असे नाही. कधी ते नुसता असाधारण थकवा, धाप किंवा मळमळ अशा रूपाने येते आणि बायका त्यावर ओवा-पाणी घेऊन झोपून जातात. चालताना छातीवर दाब येणे, हाताकडे किंवा जबड्याकडे दुखणे सरकणे, चक्कर येणे, बसल्याजागी धाप लागणे, यांतले काहीही झाले तर दिनदर्शिकेत नोंद करीत बसायचे नाही, सरळ रुग्णालय गाठायचे, असे त्यांनी यांच्यासमोर सांगितले. हे बरे केले, कारण मी एकटीने ऐकले असते तर विसरले असते.

खाण्याचा भाग मी फार उशिरा सुधारला. सकाळी रिकाम्या पोटी चहा घेऊन निघायचे आणि आल्यावर अकरापर्यंत काही खायचे नाही, ही कार्यालयीन सवय. आता निघण्यापूर्वी उकड्या तांदळाची वाटीभर पेज मीठ घालून घेते आणि परत आल्यावर तासाभरात काहीतरी प्रथिनांचे खाते. स्नायू राखायचे तर वाढत्या वयात वजनाच्या दर किलोमागे दिवसाला एक ग्रॅमहून थोडी अधिक प्रथिने लागतात, मूत्रपिंडे निरोगी असतील तर. माझ्या ६२ किलोंना ते जमवणे भात-आमटीवर शक्य नव्हते. कुळीथ मात्र हाताशी होता. शंभर ग्रॅम कुळथात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात आणि त्याची पिठी करायला दहा मिनिटे पुरतात. दुपारच्या जेवणातला बांगडा पूर्वी एक होता, तो दोन झाला. यांची त्याला काही हरकत नव्हती.

चैत्र-वैशाखाने पुन्हा एकदा जमिनीवर आणले. आमच्याकडे पारा देशावरच्या इतका चढत नाही, पण हवेत पाणी इतके असते की घाम अंगावर नुसता ओघळतो, वाळत नाही, आणि घाम वाळल्याखेरीज अंग थंड होत नाही. मग हृदयाला पायांकडेही रक्त पाठवायचे असते आणि कातडीकडेही. त्याच चालीला ठोके वाढतात. मे महिन्यात मी वेग कमी केला, वेळ अर्ध्या तासाने अलीकडे आणली आणि घामाच्या दिवसांत आल्यावर बिनसाखरेचे कोकमाचे पाणी मीठ-जिरे घालून घेऊ लागले. वेग किती असावा याची एकच कसोटी ठेवली आहे. सोबतिणीशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. एखाद्या दिवशी निघतानाच कंटाळा असेल तर पुलापर्यंत दहा मिनिटे चालते. तेथे पोहोचल्यावरही अंग नको म्हणत असेल तर मुकाट्याने परत फिरते. दहांतल्या सात-आठ वेळा पुलावर पोहोचेपर्यंत तक्रार मावळलेली असते, कारण तो कंटाळा अंगाचा नसतोच, मनाचा असतो.

पावसाळ्यात पुळण बंद. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत, शिवाय उधाणाचा समुद्र सुरूच्या मुळांपर्यंत येतो. ते चार महिने मी पडवीत काढले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शनात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे आणि त्याशिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. या दुसऱ्या भागाकडे मी तोवर दुर्लक्ष केले होते. हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे दहा वेळा, थोडे थांबून पुन्हा दहा. भिंतीला हात लावून ढकलणे. पायरीवर टाचा उचलणे. सुरुवातीला सातव्या उठण्याला माझे हात आपोआप मांडीवर जात. श्रावणात दहाचे तीन फेरे झाले. मधला एक दिवस रिकामा ठेवते, कारण ताकद व्यायाम करताना नव्हे, नंतरच्या विश्रांतीत भरते, आणि मला ती भरायला आता विशीपेक्षा जास्त वेळ लागतो. वयाचा जो खरा वाटा म्हणायचा तो एवढाच मला सापडला. थकवा पूर्वीइतकाच येतो, उतरतो मात्र सावकाश. दुपारची झोप मी घेते, पण गजर लावून, वीस मिनिटांची; चारपर्यंतची झोप रात्रीची झोप खाते.

परवा नवरात्रात पहिल्यांदा पुळणीवर शंभराच्या पुढे पावले मोजली. कडक वाळू होती, ओहोटी पार खाली गेलेली, आणि सुरूच्या बनाकडून खाडीच्या तोंडाकडे एकदाही न थांबता चारशे दहा पावले झाली. वेग असा की एका कुत्र्याने कुतूहलाने माझ्याबरोबर चालत सोबत केली. त्याला पळावे लागले नाही. घरी आले, कुळथाची पिठी खाल्ली, दिनदर्शिकेत “थकले” असे लिहिले आणि त्याच्यापुढे आकडा टाकला.

काल रात्री दुधाची पिशवी आणायला निघालेले हे दिनदर्शिकेपाशी थबकले, बोटांवर काहीतरी पाऊणपट केली आणि म्हणाले, “उद्या अष्टमी. बूट पुसून ठेवलेत, पुलावरून जा.”